खाते बंद, शिल्लक कायम

रबाळे हे गाव म्हणून आता फारसे कुणाला ठाऊक नाही. ठाणे-बेलापूर रस्ता, औद्योगिक वसाहतीतील गाळे, मालाने लादलेले टेम्पो आणि ट्रान्स-हार्बर मार्गावरील एक स्थानक, एवढीच त्याची ओळख उरली आहे. या ओळखीत फुटबॉलला कुठे जागा असेल, असे वाटत नाही. तरीही आमच्या गल्लीत डिसेंबर उजाडला की संध्याकाळच्या चहाच्या वेळी एका फुटबॉल सामन्याचा विषय निघतो आणि तो लवकर संपत नाही.

हा विषय काढणारे दोघे. एक आमच्या पेढीचे हिशेब अनेक वर्षे सांभाळणारे बंगाली गृहस्थ; सारी गल्ली त्यांना ‘दादा’ म्हणते. दुसरे समोर टायरचे दुकान चालवणारे मल्याळी गृहस्थ. त्यांना सारे ‘चेट्टन’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, थोरला भाऊ. फुटबॉलच्या बाबतीत मात्र हे दोन थोरले भाऊ एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी आहेत.

तो दिवस होता २० डिसेंबर २०१४, शनिवार. इंडियन सुपर लीग ही स्पर्धा त्याच वर्षी सुरू झाली होती आणि तिचा पहिला अंतिम सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होता. एका बाजूला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ॲटलेटिको डी कोलकाता, दुसऱ्या बाजूला पिवळ्या पोशाखातील केरळ ब्लास्टर्स. मुंबई सिटी हा मुंबईचा संघ त्या मोसमात याच मैदानावर खेळला होता. पण अंतिम फेरी त्याच्या वाट्याला आली नाही. कोलकात्याच्या सहमालकांमध्ये सौरव गांगुली होते, तर केरळच्या सहमालकांमध्ये सचिन तेंडुलकर. त्यामुळे फुटबॉलमधले फारसे न कळणारे आमच्यासारखे मराठी प्रेक्षक सचिनच्या प्रेमाखातर आपोआप पिवळ्या बाजूला गेले.

सूर्यास्तापूर्वी जेवून मी निघालो. रबाळ्याहून नेरूळला जाणारी थेट लोकल पकडली. सोबत दादा आणि चेट्टन. दादांच्या गळ्यात लाल-पांढरा मफलर, चेट्टनच्या अंगात पिवळा सदरा. घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर. प्रत्येक स्थानकावर डब्यात पिवळा रंग वाढत गेला. या मैदानावर २००८ मध्ये आयपीएलचा पहिला अंतिम सामना झाला होता. क्रिकेटसाठी बांधलेल्या त्या मैदानावर त्या रात्री छत्तीस हजारांवर माणसे फुटबॉल पाहायला जमली.

सामना नव्वद मिनिटे गोलशून्य राहिला. केरळला संधी अधिक मिळाल्या, असे आजही चेट्टन सांगतात आणि दादा ते नाकारत नाहीत. निर्धारित वेळ संपली. थांबलेल्या खेळाची भरपाई म्हणून दिलेली मिनिटेही सरत आली. जादा वेळ खेळवावा लागणार, असे धरून काही जण पाणी आणायला उठले. तेवढ्यात कोलकात्याला कॉर्नर किक मिळाली. चेंडू गोलसमोर आला आणि बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या मोहम्मद रफीक या बंगालच्याच तरुणाने तो डोक्याने जाळ्यात धाडला. एक विरुद्ध शून्य. पुढे खेळायला वेळच उरला नव्हता. स्पेनचे प्रशिक्षक अंतोनिओ हबास यांच्या संघाने पहिलाच चषक जिंकला.

त्या क्षणी दादांनी काय केले, हे मी शेजारी असूनही नीट सांगू शकत नाही. कारण आमच्या आजूबाजूला सगळे स्तब्ध बसले होते आणि दादाही तसेच बसून होते. फक्त त्यांचे डोळे भरून आले होते. परतीच्या गाडीत त्यांनी मफलर काढून पिशवीत ठेवला. डब्यात सगळे पिवळे आणि सगळे गप्प होते. कोपरखैरण्यापर्यंत चेट्टन खिडकीबाहेर पाहत राहिले. सोमवारी सकाळी दादा संदेशाचा डबा घेऊन आले आणि पहिला तुकडा त्यांनी टायरच्या दुकानात नेऊन दिला. चेट्टननी तो घेतला, खाल्ला, आणि म्हणाले, “मिठाई चांगली आहे. गोल नशिबाचा होता.” तो वाद तेव्हा सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही.

पण या लेखाचे कारण तो वाद नव्हे.

ज्या संघाने त्या रात्री नेरूळला चषक उचलला, तो संघ आज त्या नावाने अस्तित्वात नाही. २०१६ मध्ये त्याने पुन्हा केरळला हरवून चषक जिंकला, तोही केरळच्याच कोची शहरात. मार्च २०२० मध्ये गोव्यात तिसऱ्यांदा जिंकला. महामारीच्या सावटामुळे तो सामना रिकाम्या मैदानावर झाला. त्यानंतर त्याच वर्षी त्याचे मोहन बागान या जुन्या क्लबच्या फुटबॉल विभागाशी विलीनीकरण झाले. नव्या कंपनीत ऐंशी टक्के भाग उद्योगपती संजीव गोयंका यांच्या समूहाचा आणि वीस टक्के जुन्या क्लबचा. प्रारंभी दोन्ही नावे जोडून लावली गेली. २०२३ मध्ये पहिले नाव काढून टाकले गेले. सहा वर्षांत तीन चषक जिंकलेल्या संघाचे खाते असे बंद झाले.

तेव्हा दादांनी मला जो प्रश्न विचारला, तो हिशेबनिसाचाच होता. २०१४ चे तिकीट त्यांनी जुन्या खातेवहीत जपून ठेवले आहे. ते दाखवून ते म्हणाले, “शेठ, ज्या नावाने ही जमा केली, ते खातेच राहिले नाही. आता हे कोणाच्या नावावर दाखवू?”

व्यापारी कुटुंबातील कोणालाही हा प्रश्न नवा नाही. पेढ्या बंद होतात, भागीदारी मोडते, नाव विकले जाते. माल, जागा आणि येणे-देणे यांची वाटणी होते. पण त्या नावावर लोकांनी ठेवलेल्या विश्वासाचे, त्या नावाशी जोडलेल्या आठवणींचे काय होते?

मुंबईच्या फुटबॉलने हा प्रश्न आधीच अनुभवला आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेला महिंद्र कंपनीचा संघ कूपरेज मैदानावर खेळत असे. पुढे तो ‘महिंद्र युनायटेड’ झाला आणि कंपनीच्या जीपगाड्यांवरून चाहते त्याला ‘जीपमेन’ म्हणू लागले. या संघाने १९९८, २००१ आणि २००८ मध्ये ड्युरँड चषक जिंकला. २००५-०६ च्या मोसमात तर डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक असे दोन्ही मान एकत्र मिळवले. राष्ट्रीय लीग जिंकणारा तो मुंबईचा पहिला संघ. ब्राझीलचा बरेटो आणि घानाचा याकुबू यांची नावे आजही त्या काळचे प्रेक्षक घेतात. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि शालेय, तरुण खेळाडूंकडे लक्ष वळवले. व्यवहार म्हणून तो निर्णय कंपनीच्या अधिकारातला होता. आमच्या गल्लीतील एक निवृत्त फोरमन तरुणपणी रबाळ्याहून कूपरेजपर्यंत सामने पाहायला जात. ते म्हणतात, “संघ त्यांचा होता, त्यांनी बंद केला. पण मी तिथे उभा होतो, ते कोण बंद करणार?”

आता दुसरी बाजू पाहू. ज्या मोहन बागानमध्ये दादांचा संघ विलीन झाला, त्याच्या नावामागे शंभर वर्षांहून जुना एक अंतिम सामना उभा आहे. २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या इंग्रज लष्करी संघाला २-१ असे हरवले. बंगाली संघातील एक सुधीर चटर्जी सोडले, तर सारे खेळाडू अनवाणी खेळत होते. पहिला गोल इंग्रजांचा. मग कर्णधार शिवदास भादुडी यांनी बरोबरी साधली आणि शेवटच्या मिनिटांत अभिलाष घोष यांनी विजयाचा गोल केला. गर्दी एवढी होती, की लांब उभ्या असलेल्या लोकांना पतंग उडवून गोलसंख्या कळवली गेली, असे सांगतात. इंग्रजांना त्यांच्याच खेळात हरवता येते, हे त्या दिवशी साध्या माणसाने डोळ्यांनी पाहिले. तो सामना पाहिलेला आज कोणीही हयात नाही. तरीही २९ जुलै हा दिवस ‘मोहन बागान दिन’ म्हणून दरवर्षी साजरा होतो. पणजोबांची आठवण पणतू स्वतःची असल्यासारखी सांगतो.

विलीनीकरणानंतर क्लबच्या नावापुढे दुसरे नाव लागले, तेव्हा याच आठवणीने विरोध केला. चाहत्यांनी मैदानात फलक धरले, घोषणा दिल्या, तीन वर्षे धीर सोडला नाही. मार्च २०२३ मध्ये गोव्यात पेनल्टी शूटआउटवर बेंगळुरूला हरवून संघाने आयएसएल चषक जिंकला आणि विजयानंतर लगेच गोयंका यांनी जोडलेले नाव काढण्याची घोषणा केली. ज्यांच्या हाती ऐंशी टक्के भाग होता, त्यांनी १९११ ची पुण्याई ओळखली. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर नावलौकिकाची किंमत ताळेबंदातल्या आकड्याहून मोठी निघाली.

पण यात दादांचे काय झाले? जुन्या नावाचे चाहते जिंकले आणि त्या विजयात दादांच्या संघाचे नाव पुसले गेले. दादा स्वतः बंगाली. १९११ ची गोष्ट त्यांनीही लहानपणी आजोबांच्या मांडीवर ऐकलेली. ते चाहत्यांना दोष देत नाहीत. “ते बरोबरच होते,” ते म्हणतात. “पण माझी रात्रही खरी होती.”

केरळची बाजू आणखी वेगळी. सचिन तेंडुलकर यांनी २०१८ मध्ये आपला भाग विकला. २०१४, २०१६ आणि २०२२ असे तीन अंतिम सामने संघ हरला. आजवर हा चषक त्याला मिळालेला नाही. तरीही चेट्टनचा पिवळा सदरा तसाच आहे. मालक गेला, जय मिळाला नाही, पण संघाचे नाव उरले आहे. दादांच्या हाती जय आहे, पण नाव नाही. दोघांपैकी अधिक श्रीमंत कोण, यावर गल्लीत एकमत होत नाही.

आमचे मूळ घर कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल असे संघ उतरतात आणि पेठाच्या पेठा त्यांच्यामागे उभ्या राहतात. माझे वडील, अण्णा, पाटाकडीलचे. लक्ष्मीपुरीतील आमच्या पेढीवर सामन्याच्या दिवशी दुपारनंतर काम होत नसे. या संघांना विकत घेणारा मालक नाही. त्यामुळे एका रात्रीत नाव बदलण्याची भीतीही नाही.

पेढी मात्र टिकली नाही. अण्णा आणि थोरले काका यांची वाटणी झाली, तेव्हा पेढीचे जुने नाव कोणीच घ्यायचे नाही, असे ठरले. म्हणजे भांडण होणार नाही. मी रबाळ्याला आलो, चुलतभाऊ तिथेच दुसऱ्या नावाने बसला. आज तीस वर्षे होत आली. तरी कोल्हापूरकडचा एखादा जुना गिऱ्हाईक फोन करतो, तेव्हा त्याच जुन्या पेढीचे नाव घेऊन विचारतो, “तिथलेच ना तुम्ही?” मी ‘हो’ म्हणतो. चुलतभाऊही ‘हो’च म्हणत असणार. ज्या नावाची आम्ही वाटणी टाळली, ते आम्हा दोघांकडेही पूर्ण आहे, हे मला दादांच्या प्रश्नानंतर उमगले.

म्हणून दादांना मी उत्तर दिले, ते हिशेबाच्या नियमात बसत नाही. मी म्हणालो, “दादा, ते तिकीट तुमच्याच नावावर ठेवा. संघाच्या नव्हे.” ते हसले. म्हणाले, “मग चेट्टनचेही अर्धे लिहावे लागेल. तो नसता, तर मी कोणाला हरवले असते?”

यंदा दादा निवृत्त होऊन मुलाकडे कोलकात्याला जात आहेत. हिशेब आता संगणकावर असतात; जुन्या वह्या रद्दीत जायच्या होत्या. ती एक वही मी बाजूला काढून ठेवली आहे. तिकीट दादा सोबत नेणार होते; पण जाण्यापूर्वी त्यांनी ते समोरच्या दुकानात नेऊन दिले. चेट्टननी ते टायरच्या दुकानातील देवाच्या तसबिरीखाली लावले आहे. गोल नशिबाचा होता, हे मात्र ते अजूनही सांगतात.