लिथियम, घाम आणि अंगदुखीची गोळी
द्विध्रुवीय विकार, म्हणजे उन्माद आणि औदासीन्य यांचे आळीपाळीने येणारे झटके, औदासीन्याच्या टप्प्यात साध्या नैराश्यासारखाच दिसत असल्याने, पूर्वीच्या उन्मादाची चौकशी न करता दिलेले केवळ नैराश्यरोधक औषध काही रुग्णांत उन्मादच चेतवू शकते. १९४९ मध्ये जॉन केड यांनी उन्मादावर उपयुक्त दाखवलेल्या लिथियमच्या उपकारक आणि विषारी मात्रांत अंतर फार थोडे असल्याने ते नियमित रक्ततपासणीसह घ्यावे लागते. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत पहाटेपासून ओझी वाहणारा हमाल ते घेत असेल, तर भरपूर घामाने होणारी पाण्याची व मिठाची तूट आणि अंगदुखीसाठी (सहज मिळणारी!) आयब्युप्रोफेनची गोळी, या दोन्हींमुळे मूत्रपिंडे लिथियम कमी बाहेर टाकतात आणि रक्तातील त्याचे प्रमाण वाढते; हातांची वाढती थरथर, जुलाब, तोल जाणे ही या वाढलेल्या प्रमाणाची लक्षणे थकव्याच्या खात्यावर जमा होण्याचा धोका मोठा आहे.