निळा ध्वज आणि नेय्दल : कोवळमच्या किनाऱ्याची दोन वाचने

चेन्नईच्या दक्षिणेस पूर्व किनारा मार्गालगत असलेल्या कोवळम या मच्छीमार गावाच्या पुळणीस २०२१ मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. केरळमधील सुप्रसिद्ध कोवळमहून हे गाव भिन्न होय. १९८५ मध्ये फ्रान्समध्ये आरंभलेली ही योजना पुढे डेन्मार्कमधील ‘फाउंडेशन फॉर एन्व्हायर्न्मेंटल एज्युकेशन’ या संस्थेने जगभर नेली. पर्यावरणशिक्षण, जलगुणवत्ता, पर्यावरणव्यवस्थापन आणि सुरक्षितता व सेवा या चार गटांतील ३३ निकष पुरे झाल्यावरच ध्वज मिळतो; तोही एका हंगामापुरता. दरवर्षी तो नव्याने मिळवावा लागतो.

प्रमाणीकरण हे एका अर्थी वाचनच असते. कोणत्या खुणा अर्थपूर्ण मानाव्यात, हे निकषसूची ठरवते. तमिळ काव्यशास्त्रानेही किनाऱ्याचे असे वाचन केले आहे. ‘तोल्काप्पियम’प्रणीत तिणैविचारात भूप्रदेश पाच, त्यांपैकी समुद्रतीर म्हणजे नेय्दल. स्थळ-काळ हे ‘मुदल’, तेथील जीवसृष्टी, माणसे व व्यवसाय हे ‘करु’, आणि भाव हा ‘उरि’, अशी तिची त्रिविध रचना. नेय्दलचा भाव विरहातील शोकाकुलतेचा. परंतु परदवर कोळी, मिठागरे आणि सुकत घातलेली मासळी यांवाचून ते तीर पूर्ण होत नाही.

दोन्ही वाचनांतील भेद येथेच स्पष्ट होतो. निळ्या ध्वजाच्या निकषांचा केंद्रबिंदू स्नानार्थी अभ्यागत आहे. नेय्दलचा, तेथे राबणारा रहिवासी. सुकणारी मासळी एका वाचनात भूप्रदेशाची ओळख ठरते, दुसऱ्यात तिला जागा शोधावी लागते. अर्थात काव्यशास्त्र पाण्यातील जिवाणू मोजू शकत नाही, आणि स्वच्छ पाणी कोळ्यांनाही हवेच असते. ‘ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल’च्या व्यापक निकषांत पर्यावरणाबरोबर व्यवस्थापन, स्थानिकांचे सामाजिक-आर्थिक हित आणि सांस्कृतिक वारसा यांनाही स्थान आहे. ही परिषद स्वतः प्रमाणपत्रे देत नाही. ती देणाऱ्या संस्थांना अधिमान्यता देते. तिणैविचाराशी संवाद शक्य आहे तो या व्यापक चौकटीचा.

मराठीत ‘सस्टेनेबल’साठी रूढ झालेला ‘शाश्वत’ हा शब्द मुळात अविनाशी तत्त्वाचा वाचक आहे. वर्षागणिक नूतनीकरण मागणाऱ्या ध्वजास तो लावताना, किनाऱ्यावर नेमके काय टिकवायचे आणि कोणासाठी, हा प्रश्न झाकला जाण्याचा धोका संभवतो. कोवळमच्या पुळणीवर त्याचे उत्तर ध्वजाइतकेच होड्यांच्या जागेवरही अवलंबून आहे.