वारज्याची मेट्रो आणि जांभळ्याचा शेजार

नळ स्टॉप–वारजे–माणिकबाग या मेट्रो मार्गिकेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ती धावू लागली की वारज्याहून पिंपरीला निघालेला माणूस नळ स्टॉपला ॲक्वा लाइन पकडेल आणि जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून पर्पल लाइनच्या फलाटावर जाईल. एका प्रवासात तीन मार्गिका. इतक्या धावपळीत पाटी वाचायला कोणाला सवड असते? तिथे रंगच वाट दाखवतो. म्हणून वारज्याच्या मार्गिकेचा रंग ठरवताना आधीचा जांभळा पुण्यात का चालला, हे नीट समजून घ्यायला हवे.

जांभळा म्हणजे राजेशाही, असे डिझाइनची पुस्तके सांगतात. तो अर्थ भूमध्य समुद्राकाठचा. तिथे हजारो समुद्री गोगलगायींपासून चिमूटभर रंग मिळे आणि तो फक्त श्रीमंतांना परवडे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला क्विनीन बनवण्याच्या खटपटीत डांबरापासून जांभळा रंग गवसला आणि ती मिरास संपली. आपल्याकडे मुळात ती नव्हतीच. स्वराज्याचा झेंडा भगवा. माझ्या मते जांभळ्याचे इथले बळ नेमके याच रिकामेपणात आहे. महाराष्ट्रात भगवा, हिरवा, निळा यांतला कोणताही रंग भिंतीला लावा, लोक आधी पक्ष किंवा पंथ शोधतात. जांभळ्यावर असा कोणाचा सातबारा नाही. सगळ्यांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या सेवेला असा रंग सोयीचा. बंगळुरूची २०११ मध्ये सुरू झालेली पहिली मेट्रो मार्गिकाही जांभळीच आहे.

यावर कोणी म्हणेल, जांभळा रिकामा कसा? इंग्लंडमध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांनी १९०८ मध्ये तो पांढऱ्या-हिरव्यासोबत घेतला, आज तो महिला दिनाचा रंग आहे. गोव्यात २०२३ पासून दिव्यांगांचा ‘पर्पल फेस्ट’ भरतो. आणि नवरात्रात जांभळ्या साडीचा दिवस तर घरोघरी पाळला जातो. खरे आहे. पण हे सगळे अर्थ माणसांनी ठरवून दिले आणि वापराने रुजवले. त्यांतला एकही दुसऱ्याला हुसकावून लावत नाही. फलाटावर जांभळ्याचा अर्थ पिंपरी–स्वारगेट एवढाच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तांबडा आणि निळा प्रकाश डोळ्यात एकत्र आला की जांभळा दिसतो. इंद्रधनुष्याच्या टोकाशी असतो तो जांभळट निळा वेगळा. ज्यांना तांबडा नीट दिसत नाही, त्यांना जांभळा निळ्यासारखाच भासतो. रंगांधळेपणाचा हा प्रकार पुरुषांत अधिक आढळतो. मग हा रंग निवडणे चूक झाली का? नाही, कारण शेजार चांगला मिळाला. पर्पल गडद आणि ॲक्वा फिकट, त्यामुळे रंग ओळखता आला नाही तरी एक पट्टी काळसर आणि दुसरी उजळ हे कळतेच. नकाशाची साधी झेरॉक्स काढली तरी दोन्ही वेगळ्या राहतात. (सरकारी कागद शेवटी झेरॉक्समध्येच फिरतात, हे विसरून चालणार नाही.) जांभळ्यावर पांढरी अक्षरे ठसठशीत उठतात, काळी बुडतात. याच जांभळ्याशेजारी गडद निळी मार्गिका आणली, तर मात्र हा हिशेब कोलमडतो. छपाईत तर धोका आणखी वाढतो, कारण शाईचे प्रमाण जरा हलले की जांभळा निळ्याकडे किंवा गुलाबीकडे सरकतो.

तेव्हा वारज्याच्या मार्गिकेचा रंग संगणकाच्या चकचकीत पडद्यावर पाहून पसंत करू नये. नकाशा काळ्या-पांढऱ्यात छापून, रंगांधळ्या प्रवाशांना दाखवून मगच तो पक्का करावा, आणि प्रत्येक रंगीत पट्टीवर मार्गिकेचा क्रमांक मोठ्या आकड्यात लिहावा.