विश्लेषण : ओटमील, चॉकलेट आणि ८.३ टक्के… काळ्या ‘स्ट्राँग’ स्टाउटला गुण कसे देतात?

आपल्याकडे ‘स्ट्राँग बीअर’ म्हटले की ६५० मिलिलिटरची थंडगार बाटली आणि ‘चढते किती’ हा एकच निकष. चवीला गुण देण्याची पाळीच येत नाही. काळ्या स्टाउटच्या जगात मात्र ४.२ तारे की ४.४, यावर तावातावाने वाद होतात आणि ते तारे पाहूनच अनेक जण बाटली निवडतात. हे आकडे नेमके काय मोजतात? एकाच बाटलीला एक जण ५० पैकी ४० आणि दुसरा ३० गुण देतो, तेव्हा चुकते कोण?

नमुना म्हणून कोणती बीअर?

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ग्रँड रॅपिड्स शहरातील फाउंडर्स या ब्रुअरीची ‘ब्रेकफास्ट स्टाउट’. लेबलवर वाटीतून ओट्स खाणारे बाळ आहे. (दारूच्या बाटलीवर बाळ, ही कल्पना आपल्याकडच्या एक्साइज खात्याला कितपत रुचेल, हा वेगळा विषय.) ८.३ टक्के अल्कोहोल, कडवटपणा ६० आयबीयू, आत ओट्स, चॉकलेट आणि सुमात्रा व कोना या दोन कॉफी. ‘स्ट्राँग डार्क चॉकलेट ओटमील स्टाउट’ या लांबलचक नावातले सगळे शब्द तिला लागू होतात, वर कॉफी जादा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या व्याख्येत भारतात ‘स्ट्राँग’ बीअर पाच ते आठ टक्क्यांची. म्हणजे ही आपल्या स्ट्राँगच्याही पलीकडची.

चॉकलेट असते की फक्त नाव?

बऱ्याचदा फक्त नाव. ‘चॉकलेट माल्ट’ म्हणजे मोड आणून वाळवलेले आणि मग चॉकलेटच्या रंगावर येईपर्यंत भाजलेले जव. त्यात कोकोचा कणही नसतो. रवा भाजताना, शेंगदाणे खरपूस करताना किंवा भाकरीला डाग पडताना जी रासायनिक क्रिया होते, तीच इथे होते आणि कोको-कॉफीच्या जवळचा वास तयार होतो. डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये इंग्लंडमध्ये फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून न जाळता काळे माल्ट करणे सोपे झाले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रुअरीची ‘ब्लॅक चॉकलेट स्टाउट’ प्रसिद्ध झाली ती चॉकलेटचा तुकडाही न घालता, निव्वळ भाजलेल्या माल्टवर.

ब्रेकफास्ट स्टाउटमध्ये खरे चॉकलेट आहे. पण खरे म्हणजे चांगलेच असे नाही. कोकोमधील स्निग्धांश फेस मारतो, म्हणून अनेक ब्रुअर कोको बियांचे तुकडे वापरतात आणि तेही बेताने.

आणि ओट्स कशासाठी?

चवीसाठी नव्हे, पोतासाठी. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतुमय घटकामुळे द्रव दाटसर होतो. पाणी आणि तांदळाची पेज यांत जिभेला जो फरक कळतो, तोच साध्या स्टाउटमध्ये आणि ओटमील स्टाउटमध्ये. प्रमाण एकूण धान्याच्या साधारण ५ ते २० टक्के. त्याहून वाढले की भिजवलेले धान्य चिकट होऊन गाळणी तुंबते. मग ब्रुअर त्यात भाताचे तूस मिसळतात, म्हणजे पाणी झिरपायला वाट राहते.

ओटमील स्टाउट मूळची ब्रिटनची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती अशक्त माणसांसाठी पौष्टिक म्हणून विकली जाई. पुढे ती जवळजवळ नाहीशी झाली. १९८० मध्ये एका अमेरिकी आयातदाराच्या मागणीवरून यॉर्कशायरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीने ती पुन्हा केली. ती पाच टक्क्यांची, सौम्य. आठ-दहा टक्क्यांचा प्रकार हे अमेरिकी ब्रुअरींनी ‘इम्पीरियल स्टाउट’शी लावलेले लग्न. इम्पीरियल म्हणजे अठराव्या शतकात लंडनहून रशियाच्या दरबारी जाणाऱ्या जहाल स्टाउटची वंशज.

चाखायची कशी?

आधी थंडपणा सोडायचा. चार अंशांवर वास देणारी संयुगे द्रवातच बसून राहतात आणि जिभेला फक्त गार व कडू कळते. अशी स्टाउट १० ते १३ अंश सेल्सिअसला प्यायची, म्हणजे मुंबईच्या हवेत फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांनी. ग्लास तोंडाशी निमुळता असावा आणि साबणाचा अंश नसावा, नाहीतर फेस दोन मिनिटांत बसतो आणि दोष बीअरच्या माथी येतो.

मित्राने शिकागोहून आणलेली बाटली मी अशीच उघडली. रंग अपारदर्शक काळा, दिव्यासमोर धरल्यावर कडेला किंचित लालसर झाक, फेस कॉफीवरच्या सायीसारखा तपकिरी. वासात कॉफी पुढे, कोको मागे. पहिला घोट गोडसर, मग डार्क चॉकलेट, शेवटी कडवट. ६० आयबीयू ऐकायला भयंकर वाटतात, पण माल्टचा गोडवा त्यांना झाकतो. ओट्सचे काम घोट गिळल्यावर कळते. जिभेवर मऊ लेप राहतो.

इथे मराठी माणसाला एक आयता फायदा आहे. ‘कडू’ आणि ‘तुरट’ यांतला फरक आपल्याला कारले आणि सुपारी यांनी लहानपणीच शिकवलेला असतो. बीअर चाखणाऱ्या नवख्यांचा गोंधळ बहुधा इथेच होतो. स्टाउटमध्ये कडू ठीक, थोडे तुरटही ठीक. पण जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आवळली, तर भाजलेले धान्य प्रमाणाबाहेर गेले आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बीअर शिळी, हवा लागलेली. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणका आला तर आंबवताना तापमान चढले असण्याची शक्यता मोठी. हे दोष गोडव्याखाली लपतात, म्हणून अर्धा ग्लास कोमट होऊ द्यावा आणि पुन्हा हुंगावा.

गुणांची विभागणी कशी?

१९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम’ची, म्हणजे बीजेसीपीची गुणपत्रिका ५० गुणांची: वास १२, दिसणे ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकूण प्रभाव १०. टक्क्यांत मांडा: २४, ६, ४०, १०, २०. ‘बीअर अॅडव्होकेट’ या लोकप्रिय संकेतस्थळाचे भारांकही नेमके हेच.

आता गंमत पाहा. ओट्स प्रामुख्याने पोतावर काम करतात आणि पोताला गुण पाच. म्हणजे लेबलवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘ओटमील’ हा शब्द फार तर १० टक्के गुण फिरवतो. उरलेला खेळ भाजलेल्या माल्टचा.

माझी बेरीज अशी झाली: वास ९, दिसणे ३, चव १६, पोत ४, एकूण ८. म्हणजे ४०. बीजेसीपीच्या पट्टीत ३८ ते ४४ म्हणजे ‘उत्कृष्ट’. वासातले तीन गुण कॉफीने चॉकलेटला दाबले म्हणून गेले.

मग वाद कशाचा?

पट्टीचा. हे ४० गुण मी तिला जहाल, चॉकलेट-कॉफी घातलेली स्टाउट मानून दिले. बीजेसीपीच्या २०२१च्या नियमांत ओटमील स्टाउट म्हणजे ४.२ ते ५.९ टक्के अल्कोहोल आणि २५ ते ४० आयबीयू. त्या गटात ही बाटली ठेवली, तर परीक्षक ‘प्रकाराशी जुळत नाही’ म्हणून गुण कापणार. इम्पीरियल स्टाउटच्या गटात (८ ते १२ टक्के) ती ताकदीत बसते, पण तिथल्या राक्षसांपुढे हलकी वाटते. चॉकलेट-कॉफीमुळे मसाल्याच्या बीअरचा गटही तिला खुला आहे. बाटली एक, निकाल तीन.

२०१० मध्ये आलेल्या ‘अनटॅप्ड’सारख्या ॲपवर तर गटाचा प्रश्नच नाही. पाव-पाव ताऱ्याने ‘मला किती आवडली’ एवढेच नोंदवायचे. या याद्यांच्या शिखरावर जहाल स्टाउटची गर्दी असते, त्याचे कारण चाखण्याच्या पद्धतीतही आहे असे मला वाटते. दोन घोटांत ठसठशीत चव जिंकते. पाच टक्क्यांची नेमस्त ओटमील स्टाउट पूर्ण ग्लास संपताना आवडू लागते आणि तोवर तारे देऊन झालेले असतात. त्यामुळे ३.७ तारेवाली सौम्य स्टाउट ४.३ वालीपेक्षा वाईट, असा अर्थ काढू नये. दोघींची तुलना व्हायची, तर आधी गट एक हवा.

एका बाटलीत किती पेग?

ताऱ्यांमध्ये न दिसणारा हा आकडा. ३५५ मिलिलिटरच्या बाटलीत ८.३ टक्क्यांनी सुमारे २९.५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा पेग धरला, तर त्यात १२.८. म्हणजे दिसायला एक छोटी बाटली, हिशेबाला सव्वादोन पेग. ओट्स आणि चॉकलेटच्या मऊपणामुळे ते घशाला कळत नाही. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती बीअर व व्हिस्कीत भेद करत नाही.

परीक्षक एका नमुन्याचे साठ ते नव्वद मिलिलिटरच घेतात. सौम्यापासून जहालाकडे जातात, मध्ये पाणी आणि कोरडा पाव. तरीही ८.३ टक्क्यांचे नव्वद मिलिलिटरचे पाच नमुने झाले की जवळपास तीन पेग पोटात गेलेले असतात. पाचव्या नमुन्याला पडलेले तारे वाचताना हेही धरून चालावे.