दाण्यातलं पाणी

दिवाळीच्या सुमारास रोह्याजवळच्या धाटावच्या आसपास भातकापणी उरकत आलेली असते. झोडलेलं भात अंगणात उन्हाला पसरलेलं असतं आणि घरातलं जाणतं माणूस येता-जाता दोन दाणे दाताखाली धरून बघतं. दाणा चेपला तर अजून ओल आहे, कटकन फुटला तर भात वाळलं. कापणीच्या वेळी दाण्यात शंभराला 20 भागांच्या वर पाणी असतं, ते साठवणीसाठी 13-14 वर आणायचं असतं. म्हणजे कटकन फुटणाऱ्या दाण्यातही पाणी उरतंच.

अशा, किंबहुना याहूनही कोरड्या दाण्यांवर, एक थेंब पाणी न पिता जन्म काढणारे उंदीर वाळवंटात आहेत. ते जगतात कसे, याचा चोख हिशेब क्नुट आणि बोडिल श्मिट-निल्सन या शास्त्रज्ञ दांपत्याने मांडला. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात, 1940च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी कांगारू उंदरांचा अभ्यास केला. मागच्या लांब पायांवर उड्या मारणारा हा मूठभर जीव. महिनाभरात तो सुमारे 100 ग्रॅम जव खातो. त्या जवात मुरलेलं पाणी जेमतेम 6 ग्रॅम. पण जव पचून शरीरात त्याचं ज्वलन होतं, तेव्हा अन्नातला हायड्रोजन श्वासातल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि आणखी 54 ग्रॅम पाणी तयार होतं. जमा झाली 60 ग्रॅम.

हे पाणी आपल्याही अंगात रोज तयार होतं. पण घाम, श्वास आणि लघवी यांतून आपण त्याच्या कितीतरी पट घालवतो. कांगारू उंदराचा खर्च जमेइतकाच आहे: श्वासातून आणि त्वचेतून सुमारे 44 ग्रॅम, लघवीतून साडेतेरा, लेंड्यांतून अडीच.

ही काटकसर त्याच्या देहातच आहे. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब ओघळतात, कारण वाफ गार झाकणाला लागून पाणी होते. या उंदराचं नाक तसंच काम करतं. आत येणारी कोरडी हवा नाकातल्या अरुंद वाटा गार करते आणि बाहेर जाणाऱ्या श्वासातली बरीच वाफ तिथेच थेंब होऊन परत मिळते. त्याच्या मूत्रपिंडातल्या नलिकांची वळणं लांब असतात, त्यामुळे लघवी दाट होते. माणसाची लघवी रक्ताच्या फार तर चौपट दाट होते, त्याची चौदापट आणि त्याहूनही अधिक. दिवसभर तो बिळाचं तोंड मातीने बुजवून आत बसतो. आतली हवा दमट राहते आणि साठवलेलं बी ती ओल पिऊन घेतं.

जेवणाची निवडही महत्त्वाची. श्मिट-निल्सन यांनी याच उंदरांना नुसतं सोयाबीन दिलं, तेव्हा त्यांना पाण्यावाचून जगता येईना. प्रथिनांतून युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायला पाणी लागतं. पण त्यांना समुद्राचं पाणी दिलं, तर त्यावरही ते तगले.

आपल्या थरच्या वाळवंटात जर्बिल हे उंदीर राहतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश यांनी त्यांचा दीर्घ अभ्यास केला. बी, मुळं, पाला, किडे, ज्या ऋतूत जे मिळेल त्यातून ते अन्न आणि ओल दोन्ही घेतात.

जैसलमेरला वर्षाला 200 मिलिमीटरही पाऊस पडत नाही, रोह्याला 3000च्या वर पडतो. तरी आमच्या खाचराच्या बांधात ओळखीच्याच खुणा दिसतात. इथला मुख्य शेतउंदीर म्हणजे घुशीचा धाकटा भाऊबंद, बँडिकोटा बेंगालेन्सिस. पोटरीतल्या भाताची कोवळी ताटं कुरतडून तो अन्नपाणी एकदमच घेतो. दाणा भरला की लोंब्या ओढून बिळात रचतो आणि तोंड भुसभुशीत मातीने बुजवतो. ती माती दिसली की कातकरी माणसं नेमकं तिथे खणतात आणि आतलं धान्य बाहेर काढतात. जमिनीखालचा हा कणगा त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

मात्र हा ओल्या मुलखाचा उंदीर पाण्याच्या बाबतीत सढळ आहे, आणि तिथेच आपल्याला धोका आहे. त्याच्या लघवीतून लेप्टोस्पायराचे जंतू खाचरात उतरतात. कोरड्या मातीत ते मरतात, चिखलात आणि साचल्या पाण्यात तग धरतात, आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून माणसात शिरतात. लावणीच्या दिवसांतला ताप, अंगदुखी, लाल डोळे अंगावर काढू नयेत, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जखम झाकावी, शक्य तिथे गमबूट घालावेत. बांध अरुंद आणि गवतविरहित ठेवले तर बिळांना जागा उरत नाही. उंदरांचा बंदोबस्त गावाने एकाच वेळी करावा, नाहीतर एकाच्या शेतातून हाकललेले शेजाऱ्याच्या बांधात शिरतात.

भात निघालं की त्याच जमिनीत वाल पेरतात. वरून पाऊस नसतो, पाटाचं पाणीही नसतं. मातीत उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दंवावर वाल वाढतो, शेंगा धरतो. थरचा जर्बिल, ॲरिझोनाचा कांगारू उंदीर आणि आमच्या शेतातला वाल, तिघेही हातच्या ओलीवर संसार करतात. यंदा अंगणातला दाणा दाताखाली फुटेल तेव्हा कणगीत भात भरायला घ्या, आणि त्यातलं 13-14 भाग पाणीही आपल्याबरोबर घरात येतंय, हे ध्यानात ठेवा.