प्रवेश-शेल, साधा शेल आणि त्यांच्या मांडणी-फाइली

लिनक्सवर मराठी मजकुराचे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे एक अडचण हमखास येते. संदेशांची भाषा मराठी असावी म्हणून डॉट प्रोफाइल या फाइलीत 'लँग' या चलाचे मूल्य बदलले, नवी टर्मिनल खिडकी उघडली, तरी काहीच बदलले नाही. फाइलीत चूक नसते. ती वाचलीच गेलेली नसते.

याचे कारण इतिहासात आहे. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. त्या काळी टर्मिनल हे स्वतंत्र यंत्र होते. वापरकर्ता त्यावर नाव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश करी आणि त्या वेळी डॉट प्रोफाइल एकदा वाचली जाई. पुढे पडद्यावर खिडक्या आल्या. प्रवेश एकदाच, खिडक्या मात्र कितीही! म्हणून ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या बॅशमध्ये (१९८९) दोन्ही प्रसंगांसाठी वेगळ्या फाइली आहेत.

प्रवेश-शेल प्रथम संपूर्ण यंत्रासाठी असलेली प्रोफाइल फाइल वाचतो. नंतर तो वापरकर्त्याच्या घर-निर्देशिकेत डॉट बॅश-प्रोफाइल, डॉट बॅश-लॉगिन आणि डॉट प्रोफाइल या फाइली याच क्रमाने शोधतो व जी पहिली सापडेल तेवढीच वाचतो. हा 'तेवढीच' शब्द महत्त्वाचा आहे. उबुंटूमध्ये डॉट प्रोफाइल आधीच दिलेली असते. कोणी नवी डॉट बॅश-प्रोफाइल तयार केली, तर प्रवेश-शेलकडून जुनी निमूटपणे दुर्लक्षिली जाते. साधा संवादी शेल मात्र वापरकर्त्याची डॉट बॅशआरसी वाचतो. उबुंटूची नेहमीची टर्मिनल खिडकी असाच साधा शेल उघडते. मॅकओएसची खिडकी प्रवेश-शेल उघडते.

मग कोणती सूचना कोठे लिहावी? भाषा किंवा आज्ञांचे शोधमार्ग यांसारखी परिवेश-चले एका प्रक्रियेकडून तिच्या अपत्य-प्रक्रियांकडे वारशाने जातात. ती प्रवेशाच्या फाइलीत एकदा लिहिणे पुरेसे असते. शोधमार्गात भर घालणारी ओळ डॉट बॅशआरसीत लिहिल्यास शेलमधून शेल उघडताना तोच मार्ग पुन्हापुन्हा जोडला जातो. आज्ञांची टोपणनावे वारशाने जात नाहीत, म्हणून त्यांची जागा डॉट बॅशआरसी हीच. प्रवेश-शेललाही ती मिळावीत यासाठी प्रवेशाच्या फाइलीतून डॉट बॅशआरसी वाचण्याची सूचना देतात.

आपला शेल कोणता, हे 'शॉप्ट' आज्ञेला 'लॉगिन अंडरस्कोअर शेल' हा पर्याय देऊन कळते. उत्तर 'ऑन' असेल तर तो प्रवेश-शेल होय. ग्नोम टर्मिनलच्या पसंतींमध्ये खिडकी प्रवेश-शेल म्हणून उघडण्याची सोय आहे. परंतु आरंभीच्या उदाहरणात बाहेर पडून पुन्हा प्रवेश करणे हाच सरळ उपाय होय.

प्रवेशाच्या फाइलीत चुकून 'एक्झिट' लिहिले गेले, तर शेल उघडताच बंद होतो. दूरस्थ यंत्रावर काम करताना तर बाहेरच राहण्याची वेळ येते. यास्तव बदल केल्यावर चालू खिडकी बंद करू नये. दुसऱ्या खिडकीतून प्रवेश करून पाहावा आणि तो साधल्यावरच पहिली मिटावी.