एका कागदाएवढी पकड

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी घ्या. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० पीएस ताकद आणि २०५/५५ आर१६ मापाचे चार टायर. दोन माणसं धरून गाडीचं वजन १४०० किलो मानलं, तर प्रत्येक चाकावर ३५० किलो भार येतो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा आहे. भाराला दाबाने भागलं की रस्त्याला टेकलेल्या रबराचं क्षेत्रफळ मिळतं: साधारण १५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एक तळहात. चारही चाकांचं मिळून ६०० चौरस सेंटिमीटर. ए-४ आकाराचा कागदसुद्धा यापेक्षा किंचित मोठा असतो.

इंजिनाची सगळी ताकद, ब्रेकचा सगळा जोर आणि घाटातल्या वळणावर गाडीला आत खेचून धरणारं बळ एवढ्याशा जागेतून रस्त्यावर उतरतं. टायर गोटा झाले आणि नवे घ्यायची वेळ आली, की आपण या कागदाचा दर्जा विकत घेत असतो. दुकानात बोलणं मात्र वेगळंच चालतं. टायर किती किलोमीटर जाईल? मायलेज पडेल का? थोडे रुंद टाकले तर गाडी भारी दिसेल ना? ओल्या रस्त्यावर हा टायर कसा थांबतो, हे सहसा कोणी विचारत नाही. स्पोर्टी गाडीच्या टायरचं बजेट नेमकं इथेच चुकतं.

रबर रस्ता कसं धरतं

शाळेत शिकलेला घर्षणाचा नियम रबराला जेमतेमच लागू पडतो. रबराचे लांबलचक रेणू ताटातल्या शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. डांबरातल्या खडीवरून जाताना रबर दबतं आणि खडीच्या खाचाखोचांत शिरतं. खडी मागे पडल्यावर ते मूळ आकारात येतं, पण लगेच नाही, जरा रेंगाळत. या रेंगाळण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ही गेलेली ऊर्जा म्हणजेच पकडीचा एक मोठा हिस्सा. दुसरा हिस्सा येतो रबर आणि रस्ता यांच्या रेणूंमधल्या थेट आकर्षणातून. पकड आणि रबराचा हा लवचीक-चिवट स्वभाव यांचं नातं के. ए. ग्रॉश यांनी १९६३ मध्ये प्रयोगांतून मांडलं.

पाऊस पडला की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा येतो. थेट आकर्षण बरंचसं संपतं आणि भिस्त राहते ती रेंगाळणाऱ्या रबरावर. म्हणजे पावसात चांगला टायर हवा असेल, तर ऊर्जा भरपूर खाणारं रबर हवं. पण हेच रबर सरळ रस्त्यावर चाक फिरतानाही ऊर्जा खातं. ती ऊर्जा पेट्रोलमधूनच येते. मग मायलेजचं काय?

सुटका आहे ती रबर किती वेगाने दबतं यात. ताशी १०० किलोमीटर वेगात आपल्या मापाचं चाक सेकंदाला साधारण १४ फेऱ्या मारतं. म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा दबतो. ब्रेक लागून रबर खडीवरून सरकू लागलं, की खडीचे बारीक कंगोरे त्याला सेकंदाला हजारो-लाखो वेळा हलवतात. संथ दबण्यात कमी आणि जलद थरथरीत जास्त ऊर्जा खाणारं रबर बनवता आलं, तर पेट्रोलही वाचेल आणि पावसातही गाडी थांबेल. पूर्वी रबरात प्रामुख्याने काजळी मिसळत. टायर काळा दिसतो तो तिच्यामुळे. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९९२ मध्ये काजळीऐवजी सिलिका वापरून ‘हरित टायर’ बाजारात आणला आणि हा दुहेरी फायदा बराचसा साधला. सिलिका रबरात सहजी मिसळत नाही. दोघांना जोडून ठेवायला सिलेन हे रसायन लागतं. चांगल्या टायरची किंमत वाढते त्यामागे हे मिश्रणही आहे.

तरीही ओल्यातली पकड, मायलेज आणि आयुष्य यांच्यात ओढाताण उरतेच. तिन्ही एकाच वेळी वाढवणं महागात पडतं. स्वस्तात करायचं, तर एक कमी करावं लागतं. यातलं आयुष्य आणि मायलेज ग्राहक रुपयांत मोजू शकतो. ओल्यातली पकड त्याला आणीबाणीचा ब्रेक मारेपर्यंत कळत नाही. त्यामुळे कमी दिली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही अशी गोष्ट एकच, ओल्यातली पकड. नवीन गाडीवर कंपनीतून येणारे टायरही बऱ्याचदा मायलेजकडे झुकलेले असतात. म्हणून जुन्याच नमुन्याचे टायर पुन्हा घ्यावेत असं बंधन नाही.

या पकडीची किंमत साध्या गणिताने काढता येते. ओल्या रस्त्यावर एका गाडीच्या टायरचा घर्षणांक ०.८ आणि दुसरीचा ०.६ धरू. दोघी ताशी ८० वेगात शेजारी असताना एकाच क्षणी ब्रेक मारतात. पहिली सुमारे ३१ मीटरवर थांबते, दुसरीला ४२ मीटर लागतात. पण खरा हादरा वेगळाच आहे. पहिली जिथे पूर्ण थांबली, त्या रेषेवरून दुसरी अजून ताशी ४० वेगाने पुढे जात असते. मध्ये कोणी रस्ता ओलांडत असेल, तर ते ११ मीटर फार मोठे ठरतात.

रुंदीचा मोह

स्पोर्टी गाडीच्या मालकाला पहिला सल्ला मिळतो तो सोळाऐवजी सतरा इंची अलॉय आणि २२५/४५ आर१७ टायर टाकण्याचा. व्यासाचं गणित जुळतं: जुना ६३२ मिलिमीटर, नवा ६३४. स्पीडोमीटर फारसा चुकत नाही. पण ‘जास्त रबर रस्त्यावर टेकतं’ हे म्हणणं वरच्या गणितात बसत नाही. भार तोच आणि हवेचा दाबही तोच, मग टेकलेलं क्षेत्रफळही जवळपास तेवढंच राहणार. बदलतो तो आकार. लांबट ठसा आखूड आणि रुंद होतो. वळणावर याचा फायदा होतो आणि स्टिअरिंगला प्रतिसाद चटकन मिळतो, हे खरं.

त्याची किंमत चार ठिकाणी मोजावी लागते. टायर महाग, वर अलॉयचा खर्च. मोठी रिम बहुधा जड असते, त्यामुळे गाडी उचल घ्यायला मंदावते. टायरची बाजूची भिंत ११३ मिलिमीटरवरून १०१ वर येते. खड्ड्यात रिम वाकण्याची आणि टायरला फुगा येण्याची शक्यता वाढते. आणि रुंद टायरला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, तेही आखूड ठशाच्या थोड्या वेळात. बजेट आखडतं असेल, तर रुंदीवरचा खर्च पहिल्यांदा कापावा. त्याच पैशात मूळ मापाचा, वरच्या प्रतीच्या रबराचा टायर येतो. शिवाय कंपनीने त्या मॉडेलला मान्य न केलेलं माप टाकलं, तर विम्याच्या वेळी प्रश्न निघू शकतात.

पाणी, नक्षी आणि हवा

नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर काढणं. कोरड्या रस्त्यावर गुळगुळीत टायरही उत्तम पकडतो. शर्यतीच्या गाड्या तसेच वापरतात. पाणी निघून जाण्याआधीच पुढचं पाणी आलं, तर टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी होतात. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग करून यासाठी एक सोपं सूत्र दिलं. साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळानुसार वाढतो. पुरेशी नक्षी न उरलेल्या टायरला ते लावलं, तर ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९६ किलोमीटर येतो. हवा २५ पीएसआयवर उतरली, तर तो ८३ होतो. जुलैच्या पावसात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हा वेग रोजचाच.

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. १.६ मिलिमीटरला कायद्याने टायर बाद होतो. खाचांच्या तळाशी तेवढ्याच उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. पण पाणी फेकण्याची ताकद त्याच्या बरीच आधी उतरते. कोकणात, घाटात किंवा मुंबईत राहणाऱ्याने ३ मिलिमीटरलाच, आणि तेही मृगाच्या आधी, टायर बदलावेत.

हवा कमी असण्याचा धोका उन्हाळ्यातही आहे. टायरच्या भिंती जास्त वाकतात आणि तापतात. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० वेगाने तासन्‌तास एकसारखं जाताना ही उष्णता साठत जाते. टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर तिथे आरटीओने टायरची तपासणी सुरू केली, ती उगाच नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. टायर ३० अंशांनी तापला, तर दाब ४-५ पीएसआयने वाढतो. तेव्हा हवा कमी करणं चूक आहे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे द्यायची गरज नाही, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

टायरवरची अक्षरं

दुकानदाराच्या शब्दांपेक्षा टायरची भिंत जास्त सांगते. २०५/५५ आर१६ ९१व्ही यात २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ ही रुंदीच्या टक्क्यांत भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल, १६ इंची रिम. ९१ हा भारांक म्हणजे एका टायरवर ६१५ किलो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. एच म्हणजे २१०, डब्ल्यू म्हणजे २७०. भारांक आणि वेगाचं अक्षर गाडीच्या पुस्तिकेत दिलंय त्याच्या खाली जाऊ नये. नुसत्या वरच्या अक्षरासाठी जादा पैसे मोजायची मात्र गरज नाही.

डीओटी या अक्षरांनंतरच्या शेवटच्या चार आकड्यांत जन्मतारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर न वापरताही ओझोन आणि उष्णतेने रबर कडक होतं. वर्षाच्या आतला टायर मागावा. सवलतीत मिळणारा टायर तीन वर्षं गोदामात पडलेला नाही ना, हे इथेच कळतं. अनेक टायरवर ‘ट्रेडवेअर’ हा अमेरिकी आकडा असतो. स्पोर्टी टायरचा २००-३००च्या आसपास, सौम्य टायरचा ४००च्या वर. आकडा मोठा तेवढं आयुष्य जास्त. पण तो कंपनी स्वतःच जाहीर करते, म्हणून एका कंपनीच्या दोन टायरची तुलना करायलाच तो उपयोगी. त्यापुढचं ‘ट्रॅक्शन’ हे अक्षर ओल्या रस्त्यावरच्या सरळ ब्रेकिंगचं असतं: सर्वात वर एए, मग ए, बी, सी. शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करण्याआधी हे अक्षर पाहावं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाडीच्या टायरवर आयएसआय चिन्हही हवंच.

खर्चाचा क्रम

चांगले टायर बनवणारे कारखाने आपल्या आसपासच आहेत. सिएटचा नाशिकला, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरला, एमआरएफचा गोव्यात उसगावला. जवळपास प्रत्येक कंपनीकडे मायलेजचा, आरामाचा आणि स्पोर्टी असे वेगवेगळे नमुने असतात. तेव्हा कंपनी कोणती यापेक्षा नमुना कोणता, हे आधी ठरवावं. सहसा मधल्या किंमतीचा, सिलिकायुक्त रबराचा, ट्रॅक्शन ए किंवा एए असलेला आणि ट्रेडवेअर ३००-४०० असलेला टायर स्पोर्टी गाडीला पुरतो. कमी ट्रेडवेअरचे शर्यती थाटाचे टायर तापल्यावरच खुलतात, पावसात निराश करतात आणि लवकर संपतात.

अजून स्वस्तात हवं असेल, तर एक चांगली वाट आहे. नवी गाडी घेताच मोठे अलॉय बसवणारे हौशी लोक मूळ टायर दुकानातच सोडून जातात. माप, तारीख, आतली बाजू आणि पंक्चर तपासून हे जवळजवळ कोरे टायर घेता येतात. रिमोल्ड केलेले किंवा गुळगुळीत टायरवर नव्याने खाचा कोरलेले टायर मात्र फुकट दिले तरी घेऊ नयेत. खाच कोरताना आतल्या तारांवरचं रबरच कापलं जातं.

चार टायर एकदम परवडत नसतील, तर दोन घ्यावेत, एकसारखे, आणि ते मागे बसवावेत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे उलटं वाटतं, कारण पुढचे टायर आधी झिजतात. पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि तिला सावरणं सराईतालाही अवघड असतं. दर दहा हजार किलोमीटरला पुढचे-मागचे टायर अदलाबदल केले, तर चारही एकदम संपतात आणि हा पेच पडत नाही. टायर बसवताना अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचे पैसे वाचवू नयेत. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर नवे टायर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाल्ले जातात.

थोडक्यात, पैसे पुरत नसतील तर आधी रुंदी सोडा, मग अलॉय, मग ब्रँडचा दिमाख. ओल्यातली पकड मात्र सोडू नका. पुढच्या वेळी टायरवाल्याला ‘किती किलोमीटर जाईल’ हे विचारण्याआधी ‘पावसात कुठे थांबेल’ हे विचारा, आणि त्याचं उत्तर टायरच्या भिंतीवर ताडून पाहा.